हाडांचा ठिसूळपणा : घरातील स्त्रीच्या आरोग्याचा राहून गेलेला हिशेब



जमा-खर्चाचे तक्ते सुरू होण्यापूर्वी अहवालात एक आरोग्यविषयक पाठ द्यावा, अशी आपल्या रुग्णालयाची प्रथा आहे. यंदा त्यासाठी ‘ऑस्टिओपोरोसिस’ म्हणजेच हाडांचा ठिसूळपणा हा विषय घेतला आहे. आम्ही वैद्य नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन रुग्णालयाच्या कागदपत्रांत आयुष्य गेलेले कार्यकर्ते आहोत. त्यामुळे वैद्यकीय मजकूर आपल्या अस्थिरोग व स्त्रीरोग विभागांतील डॉक्टरांकडून तपासून घेतला आहे. मात्र विषय सुचला तो कागदपत्रांतूनच, आणि त्यात आमच्याही एका चुकीचा भाग असल्याने ती हकिगत प्रथम सांगणे आमचे कर्तव्य ठरते.

एके दिवशी पठारावरील एका गावातून पासष्टी ओलांडलेल्या एक आजी रुग्णालयात दाखल झाल्या. गोठ्यात शेण भरताना पाय घसरून त्या बसल्या आणि त्यांचा खुबा मोडला. पडणे अगदी साधे होते. उंचावरून नव्हे की वाहनाच्या धडकेने नव्हे. दवाखान्याची जुनी फाइल काढली, तेव्हा त्याच आजींचा चार वर्षांपूर्वीचा केसपेपर हाती आला. त्या वेळी उंबऱ्याला ठेच लागून त्या हातावर पडल्या होत्या आणि मनगट मोडले होते. प्लास्टर झाले, सहा आठवड्यांनी काढले, बिल भागले, शेरा पडला : ‘रुग्ण बरा झाला’. आम्ही तो कागद दोनदा वाचला. साध्या पडण्याने हाड मोडलेच कसे, असा प्रश्न त्यावर कोठेही विचारलेला नव्हता. हाड जोडले गेले. ते ज्या कारणाने मोडले, त्या कारणाला मात्र कोणी हात लावला नव्हता.

मनगटाच्या अस्थिभंगाने आजींचे शरीर चार वर्षे आधीच एक नोटीस देऊन गेले होते. ती नोटीस आमच्या दप्तरी दाखल झाली आणि तिथेच पडून राहिली. हा पाठ लिहिण्याचे कारण एवढेच की, तशी नोटीस आपल्या घरात कोणाला आली असेल, तर ती वेळेवर वाचली जावी.

हाड ही जिवंत वस्तू आहे

हाड म्हणजे घराच्या भिंतीतील दगड नव्हे. त्यात जुना भाग काढून टाकणाऱ्या पेशी असतात आणि नवा भाग घालणाऱ्या पेशीही असतात. हे काम जन्मभर अखंड चालते. बालपणी व तरुणपणी भर अधिक आणि काढणी कमी असते, म्हणून हाडे वाढतात व घट्ट होतात. वयाच्या तिशीच्या सुमारास हाडांचा साठा सर्वाधिक असतो. त्यानंतर काही वर्षे जमा व खर्च जवळपास सारखे राहतात आणि पुढे खर्चाची बाजू वरचढ होऊ लागते. आमच्या भाषेत सांगायचे, तर तिशीपर्यंत जमवलेल्या मुद्दलावर उरलेले आयुष्य काढावे लागते. ज्या तालुक्यातील राळेगण सिद्धीने पावसाचे पाणी अडवून जिरवण्याचा पाठ घालून दिला, त्या तालुक्याला वेळीच साठवण्याचे महत्त्व निराळे सांगायला नको.

साठा फार घटला की हाडाच्या आतील जाळी विरळ होते. बाहेरून हाड तसेच दिसते. दुखत नाही, सुजत नाही. म्हणूनच या विकाराला ‘मूक विकार’ म्हणतात. तो बोलतो तो पहिले हाड मोडल्यावरच.

स्त्रियांना धोका अधिक का?

स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक हाडांची झीज रोखून धरते. पाळी जाते तेव्हा हे संप्रेरक झपाट्याने कमी होते आणि पुढील पाच-सात वर्षांत हाडांचा साठा वेगाने घटतो. अमेरिकेतील बोस्टन येथील डॉ. फुलर अल्ब्राइट यांनी १९४१ साली पाळी जाणे आणि हाडे ठिसूळ होणे यांचा संबंध प्रथम स्पष्टपणे मांडला. आपल्या देशात पाळी जाण्याचे वय सरासरीने सेहेचाळीस-सत्तेचाळीस आहे, पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षे आधीच. त्यामुळे संरक्षण लवकर सुटते आणि झिजेला अधिक वर्षे मिळतात. पन्नाशीनंतर जगातील दर तीन स्त्रियांमागे एका स्त्रीला आयुष्यात केव्हातरी अशा ठिसूळपणामुळे अस्थिभंग होतो, असा अंदाज आहे. पुरुषही यातून सुटलेले नाहीत. त्यांचे प्रमाण सुमारे पाचांत एक असे मानले जाते.

‘आमच्या बायका शेतात राबतात, त्यांची हाडे कशी ठिसूळ होतील?’ असा प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो. कष्टाने हाडे बळकट होतात हे खरे; परंतु घडवायला माल लागतो आणि तो ताटातून यावा लागतो. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. वीणा शत्रुघ्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्प उत्पन्न गटातील तीस ते साठ वयाच्या स्त्रियांच्या हाडांची घनता मोजली होती. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मांडीच्या हाडाच्या मानेशी सुमारे २९ टक्के स्त्रियांमध्ये ऑस्टिओपोरोसिस आढळला. या स्त्रिया आरामात बसणाऱ्या नव्हत्या, कष्टकरीच होत्या. कष्ट होते, पण कष्टाला पुरेल असे अन्न नव्हते.

तान्ह्या बाळाला पाजताना आईच्या हाडांतील काही कॅल्शियम खर्च होते. दूध तुटल्यावर ते बहुतांशी भरून येते. मात्र त्यासाठी आईला पुरेसा आहार मिळावा लागतो. ज्या घरात सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले घेऊन बाई बसते, तेथे ही भरपाई कशी व्हावी, याचा विचार घरातील पुरुषांनी अवश्य करावा.

शेजारच्या जिल्ह्याने दिलेला इशारा

या विषयाची एक बाजू आपल्या भागाला फार जवळची आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. सर्वेक्षणातील सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले, आणि त्यांतील अनेकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. आपल्या जिल्ह्यातील पाथर्डीसारख्या तालुक्यांतूनही दरवर्षी ऊसतोडीला कुटुंबे जातात. त्यामुळे हा प्रश्न शेजारच्यांचा म्हणून सोडून देता येणार नाही.

हाडांशी याचा संबंध असा. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली, तर इस्ट्रोजेन त्याच दिवसापासून तुटते आणि तिशीतील स्त्रीच्या हाडांवर पन्नाशीची अवस्था ओढवते. केवळ गर्भाशय काढले, तरी अंडाशयांचे काम काही वर्षे लवकर थांबण्याची शक्यता वाढते. म्हणून ‘पिशवी काढून टाकली की सगळा त्रास संपला’ हा समज सोडावा. गर्भाशयाची शस्त्रक्रिया काही आजारांत आवश्यकच असते. परंतु तिचा निर्णय दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेऊन करावा आणि अंडाशये ठेवली की काढली, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे. आपल्याकडे येणाऱ्या पुष्कळ स्त्रियांना आपल्याच शरीरातून काय काढले, हे सांगता येत नाही. ज्यांचे ऑपरेशन पंचेचाळिशीच्या आत झाले आहे, त्यांनी हाडांविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे. अशा वेळी प्रकृती पाहून काही वर्षे संप्रेरक उपचार देता येतात. ते स्वतःच्या मनाने मात्र घेऊ नयेत.

धोका ओळखावा कसा?

पुढील बाबी घरातील कोणत्याही स्त्रीला लागू असतील, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा :

१. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट, दंड, मणका वा खुबा मोडला असेल. एकदा असे हाड मोडलेल्या स्त्रीला पुन्हा अस्थिभंग होण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो.
२. तरुणपणाच्या मानाने उंची दीड इंच वा अधिक कमी झाली असेल, अथवा पाठीला पोक आले असेल. भिंतीला टाचा व पाठ टेकून सरळ उभे राहिल्यावर डोके भिंतीला टेकत नसेल, तर मणके दबल्याची शंका घ्यावी. मणक्यांचे बहुतेक अस्थिभंग रुग्णाच्या लक्षातही येत नाहीत. ‘वयामुळे कंबर दुखते’ म्हणून ते सहन केले जातात.
३. पंचेचाळिशीच्या आत पाळी गेली असेल वा अंडाशये काढली असतील.
४. आई किंवा वडिलांचा खुबा मोडला असेल.
५. शरीर फार कृश असेल; मशेरी, तंबाखू वा मद्याची सवय असेल.
६. दमा, संधिवात अशा आजारांसाठी स्टिरॉइड गोळ्या तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या असतील. सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही पुष्कळदा स्टिरॉइड असते. पुडीने दोन दिवसांत गुडघा मोकळा होतो, म्हणून ती वर्षानुवर्षे चालू राहते आणि आतून हाडे पोखरली जातात.

तपासणीविषयी काही गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण या विकारात बहुधा योग्यच असते, कारण शरीर हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातील पातळी सांभाळते. तेव्हा ‘रक्त तपासले, कॅल्शियम ठीक आहे’ म्हणून निश्चिंत होऊ नये. साध्या एक्स-रेवरही सुमारे तीस टक्के साठा घटेपर्यंत फारसे कळत नाही. शिबिरांत टाचेवर लावायचे यंत्र प्राथमिक अंदाजापुरते उपयोगी असते. त्यावरून औषध सुरू करू नये. खात्रीची तपासणी ‘डेक्सा’ या यंत्राने होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेल्या निकषानुसार ‘टी स्कोअर’ उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल, तर ऑस्टिओपोरोसिस समजावा. उणे १ ते उणे २.५ यांमध्ये असेल, तर हाडे विरळ होऊ लागली आहेत असे समजावे.

ताटातील हिशेब

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेल्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीला रोज १,००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या स्त्रीला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. आता आपल्या ताटाकडे पाहू. बाजरी वा ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात कॅल्शियम तीस-चाळीस मिलिग्रॅमच्या आसपासच असते. भाकरी पोट भरते, बळ देते; परंतु केवळ भाकरी, कोरड्यास आणि दोन-तीन वेळचा चहा यांवर दिवसाची गरज निम्मीही भागत नाही.

ही तूट भरून काढण्यासाठी महागड्या डब्यांची गरज नाही. आपल्याच भागातील जिन्नसांनी हिशेब कसा जुळतो, ते पाहा :

दूध अथवा दही, दोन पेले मिळून ४०० मिलिलिटर : सुमारे ४८० मिलिग्रॅम.
नाचणीचे पीठ १०० ग्रॅम, भाकरी वा आंबील करून : सुमारे ३५० मिलिग्रॅम.
तीळ १० ग्रॅम, म्हणजे पोह्याचा मोठा चमचाभर : सुमारे १२५ मिलिग्रॅम.
हुलगे ५० ग्रॅम, माडगे वा शेंगोळे करून : सुमारे १३० मिलिग्रॅम.
शेवग्याचा पाला ५० ग्रॅम, भाजी करून : सुमारे १५० मिलिग्रॅम.

एकूण बाराशेच्या पुढे जाते. तिळातील सर्वच कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणून केवळ तिळावर भिस्त ठेवू नये. पण भोगीला भाकरीवर तीळ थापणारे आपण, तो रिवाज वर्षातून एका दिवसापुरता का ठेवावा? शेवग्याचे झाड बांधावर उभे असते आणि पाला शेळ्यांना जातो. हुलग्याचे शेंगोळे हे तर नगरी घरांतील जुने पक्वान्न. ते केवळ पाहुण्यांसाठी राखू नये. याबरोबरच डाळी, कडधान्ये, शेंगदाणे आणि ज्यांना चालते त्यांनी अंडी घ्यावीत, कारण हाडाच्या जडणघडणीत प्रथिनांचाही मोठा वाटा आहे.

आणि दूध. आपला तालुका दुधाचा आहे. पहाटे केटल्या भरून दूध डेअरीवर जाते आणि घरात चहापुरते राहते. दुधाचे पैसे घरखर्चाला लागतात, हे आम्ही जाणतो. तरीही गाईम्हशींची उस्तवारी करणाऱ्या बाईच्या वाट्याला तिच्याच गोठ्यातील एक पेला दूध येऊ नये, हा हिशेब कोठेतरी चुकतो आहे. दहाव्या-बाराव्या वर्षापासून मुलींच्या हाडांची झपाट्याने भरती होते. तेव्हा ‘मुलाला दूध, मुलीला चहा’ ही वाटणी ज्या घरात असेल, तेथे ती आजच मोडावी. नातीच्या पेल्यातील दूध हे तिच्या सत्तरीतील खुब्यासाठी केलेली ठेव आहे.

दवाखान्यात जाऊन ‘कॅल्शियमचे सलाइन’ लावून घेण्याची पद्धत मात्र सोडावी. त्याने तात्पुरते बरे वाटल्यासारखे होते. हाडे बळकट होत नाहीत.

ऊन, चालणे आणि घरातील पडझड

अन्नातील कॅल्शियम अंगी लागण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते, आणि ते प्रामुख्याने उन्हामुळे त्वचेत तयार होते. दुष्काळी पारनेरला उन्हाची कमतरता नाही, तरीही स्त्रियांमध्ये या जीवनसत्त्वाची कमतरता आढळते. कारण सावळ्या त्वचेला अधिक वेळ ऊन लागते, अंग वस्त्राने झाकलेले असते, आणि शेतावर जाणे थांबलेल्या वृद्ध स्त्रिया दिवसभर ओसरीच्या आत बसतात. पहाटेचे कोवळे ऊन सुखकर असले, तरी त्यात या कामाचे किरण फार थोडे असतात. सकाळी दहानंतरच्या उन्हात, हात व पाय उघडे ठेवून, आठवड्यातून तीन-चार दिवस अर्धा तास बसावे. उन्हाळ्यात उष्माघात टाळण्यासाठी वेळ कमी करावा. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या ६० हजार युनिटच्या पुड्या डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे घ्याव्यात. हे जीवनसत्त्व शरीरात साठते. अतिरेक झाल्यास मूत्रपिंडाला अपाय होतो.

ज्यात शरीराचा भार पायांवर येतो, असे चालणे रोज अर्धा तास असावे. खुर्चीवरून हातांच्या आधाराविना दहा वेळा उठणे-बसणे हा मांड्यांना बळ देणारा सोपा व्यायाम आहे. ज्यांचे मणके दबले आहेत, त्यांनी कमरेत वाकून हंडा वा पोते उचलू नये.

हाड ठिसूळ असले, तरी ते बहुधा पडल्यावरच मोडते. म्हणून पडणे टाळणे हाही उपचारच आहे. न्हाणीतील शेवाळ घासून काढावे, तेथे धरायला एक लोखंडी दांडा बसवावा. रात्री शौचास जाण्याच्या वाटेवर दिवा ठेवावा. उंबऱ्याशी पोते वा सतरंजी पसरू नये. झिजलेल्या चपला टाकून द्याव्यात. मोतीबिंदूचे ऑपरेशन ‘पुढच्या वर्षी’ म्हणून लांबवू नये. ओढाळ जनावराचे दावे आजीच्या हाती देऊ नये. यांतील बहुतेक गोष्टींना फारसा खर्च नाही. लागतो तो घरातील कर्त्या माणसाचा एक रविवार.

औषधोपचार

‘या वयात आता काय उपाय?’ असे म्हणून उपचार नाकारला जातो. हे योग्य नव्हे. आज उपलब्ध असलेल्या औषधांनी पुढील अस्थिभंगाचा धोका निश्चितपणे कमी होतो.

सर्वाधिक वापरली जाणारी गोळी अ‍ॅलेन्ड्रोनेट ही आठवड्यातून एकदा घ्यावयाची असते. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर ती घ्यावी. चहा वा दुधाबरोबर घेतल्यास गोळी वाया जाते. त्यानंतर अर्धा तास काही खाऊ नये आणि आडवे होऊ नये. अन्यथा अन्ननलिकेला इजा होऊ शकते. ज्यांना गोळी सोसत नाही, त्यांना झोलेड्रॉनिक आम्ल हे वर्षातून एकदा सलाइनमधून देता येते. त्यापूर्वी मूत्रपिंड व ‘ड’ जीवनसत्त्व तपासावे लागते. डेनोसुमॅब हे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असते. त्याची तारीख चुकवू नये आणि ते मनाने बंद करू नये, कारण अचानक थांबवल्यास मणके मोडण्याचा धोका वाढतो. फार गंभीर रुग्णांसाठी टेरिपॅराटाइडसारखी नवे हाड घडवणारी औषधे आहेत. ती महाग आहेत आणि त्यांची मुदत ठरलेली असते.

दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांत क्वचित जबड्याच्या हाडाचा वा मांडीच्या हाडाचा त्रास उद्भवतो. म्हणून दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना औषधाची माहिती द्यावी, आणि मांडीत सतत दुखू लागल्यास दाखवावे. तीन ते पाच वर्षांनी औषध चालू ठेवावे की थांबवावे, याचा फेरविचार होतो. या दुष्परिणामांच्या भीतीने औषधच न घेणे हे मात्र तोट्याचे आहे. जनऔषधी केंद्रांत यांतील काही औषधे बऱ्याच कमी दरात मिळतात.

खुबा मोडल्यास

पडल्यानंतर पाय आखूड दिसत असेल, बाहेर वळला असेल आणि उभे राहता येत नसेल, तर खुबा मोडला असे समजून रुग्णास सपाट फळीवर निजवून रुग्णालयात आणावे. पायाला विटा बांधून घरी ठेवणे, चोळणे, लेप लावणे यांत दिवस दवडू नयेत. शक्य तो ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी आणि दुसऱ्या दिवशी रुग्णास उभे करावे, हे आजचे शास्त्र आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेला शय्याव्रण, न्यूमोनिया आणि पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी सुमारे पाचांतील एक व्यक्ती वर्षभरात दगावते, असे अनेक देशांतील अनुभव सांगतात. जे वाचतात, त्यांतील अनेकांना पूर्वीसारखे चालता येत नाही.

खर्चाच्या धास्तीने विलंब होतो, हे आम्ही नित्य पाहतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारावे. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान कार्ड काढता येते. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली आहे. हे कार्ड घरात पडझड होण्यापूर्वी काढून ठेवावे.

आपल्या रुग्णालयाने घेतलेला धडा

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १९९०च्या दशकाच्या अखेरीस एक साधी व्यवस्था सुरू झाली. पन्नाशीनंतर हाड मोडून आलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद एक परिचारिका ठेवी आणि हाडांची तपासणी व औषध होईपर्यंत त्याचा पाठपुरावा करी. पुढे ही पद्धत अनेक देशांनी उचलली. तिला मोठ्या यंत्राची गरज नाही. एक वही, एक जबाबदार व्यक्ती आणि चिकाटी पुरेशी आहे.

आजींच्या दोन केसपेपरांनी आम्हांला हेच शिकवले. आता प्लास्टर विभागात एक स्वतंत्र वही ठेवली आहे. पन्नाशीपुढील कोणीही साध्या पडण्याने हाड मोडून आल्यास नाव, गाव आणि पुढील तपासणीची तारीख तीत लिहिली जाते. डिस्चार्ज कार्डावर ‘हाडांच्या ठिसूळपणाविषयी सल्ला दिला / औषध सुरू केले’ असा रकाना छापला आहे. तो रिकामा असेल, तर कार्ड बिलाच्या खिडकीवरून परत जाते. जी तारीख चुकते, तिच्यासाठी आमच्या सिस्टर फोन करतात.

काही देणगीदारांनी डेक्सा यंत्रासाठी साहाय्य देऊ केले आहे. त्यांचे आम्ही ऋणी आहोत. परंतु विश्वस्त मंडळापुढे आम्ही प्रांजळपणे वेगळे मत मांडले आहे. ज्या वृद्धेचा खुबा वा मणका साध्या पडण्याने मोडला, तिचे निदान त्या अस्थिभंगानेच बहुतांशी झालेले असते. बाकीच्यांचा धोका शेफील्ड विद्यापीठाने २००८ साली तयार केलेल्या ‘फ्रॅक्स’ या गणिती पद्धतीने, यंत्राविनाही, अजमावता येतो. ज्यांना डेक्सा खरोखर हवी, त्यांना नगर वा पुण्यास नेता येते. तेव्हा यंत्राच्या किमतीपेक्षा निर्धन रुग्णांचे एस.टी. भाडे, तपासणी शुल्क आणि वर्षभराच्या गोळ्या यांसाठी एक निधी असावा. त्यातून अधिक खुबे वाचतील. एक गोळी आठवड्याला, म्हणजे वर्षाला बावन्न गोळ्या. एका खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या खर्चाशी ही रक्कम ताडून पाहावी, एवढीच हिशेबनिसाची विनंती.

निधीइतकेच महत्त्व माणसांना आहे. आपल्या जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावातीलच अल्पशिक्षित स्त्रियांना शिकवून आरोग्यसेविका बनवले आणि त्या कामाची कीर्ती जगभर झाली. गावच्या बाईने सांगितलेले गावच्या बाईला पटते, हा त्या कामाचा गाभा. म्हणून हा पाठ केवळ अहवालात न ठेवता आशाताई, अंगणवाडी सेविका आणि बचत गटांतील भगिनींपर्यंत आम्ही नेत आहोत. २० ऑक्टोबर हा जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन असतो. त्या सुमारास आपल्या गावात बैठक घ्यावयाची असल्यास कार्यालयात कळवावे.

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्या आजी वॉकर धरून चालू लागल्या. घरी जाण्याच्या दिवशी सिस्टर त्यांना आहार समजावून सांगत असताना त्या म्हणाल्या, “बाई, मागल्या टायमाला कुणी सांगितलं आसतं, तर डेअरीला दूध घालायच्या आधी पेलाभर मीच पेले आसते.” एका पेल्याने त्यांचा खुबा वाचलाच असता असे नाही, त्यांना औषधही लागले असते. परंतु सांगणे आमचे काम होते आणि ते राहून गेले होते.

हा अहवाल आपल्या हाती असेल, त्या दिवशी घरी गेल्यावर आईला, पत्नीला, सासूबाईंना, बहिणीला तीन प्रश्न विचारावेत : पन्नाशीनंतर कधी हाड मोडले का? पाळी केव्हा गेली, की ऑपरेशन झाले? दूध कोण पिते? उत्तरे ऐकून जी शंका येईल, ती घेऊन रुग्णालयात यावे.  पुढील पानांवरील वार्षिक हिशेब आम्ही नम्रपणे सादर करीत आहोत.